रिपोर्ट नॉर्मल, तळवे बधिर : मिनी बायपासनंतरच्या रक्त तपासणीचं एक प्रकरण

रुग्ण महिला, वय ४२, फलटण तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत शिक्षिका. घराला पिढ्यान्‌पिढ्या माळ, त्यामुळे अंडंसुद्धा वर्ज्य. वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया पुण्यात होऊन चौदा महिने झालेले. तक्रारी अशा : दोन्ही तळव्यांना मुंग्या, चालताना तोल जाणं, जिना चढताना दम आणि छातीत धडधड. सोबतच्या फाइलमध्ये ताजे रिपोर्ट. त्यात बी-१२ उत्तम, डी उत्तम, आणि थायरॉईड मात्र बिघडलेलं.

हे प्रकरण कुणा एका व्यक्तीचं नाही. या शस्त्रक्रियेनंतर जे वारंवार घडतं, ते एकत्र करून हा नमुना बांधला आहे, आकडेही त्याच बेताने घेतले आहेत. रुग्णाला आपण ‘बाई’ म्हणू, शाळेत सगळे तेच म्हणतात.

मागची हकीकत

शस्त्रक्रियेच्या वेळी वजन १०८ किलो, उंची १५६ सेंटिमीटर, म्हणजे बीएमआय ४४ च्या वर. सात वर्षांचा मधुमेह, त्यासाठी रोज २ ग्रॅम मेटफॉर्मिन. पीसीओएस या बीजकोशाच्या विकारामुळे पाळी दोन-तीन महिन्यांतून एकदा. शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासणीत बी-१२ १९० पिकोग्रॅम, म्हणजे साधारण २०० ही जी खालची हद्द धरतात तिच्याही आत. यात नवल काही नाही. बी-१२ मिळतं ते प्राणिज अन्नातून. शाकाहारी माणसाकडे दूध-दह्याखेरीज दुसरा मार्ग नसतो आणि मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं की आतड्यातून होणारं त्याचं शोषण कमी होतं. म्हणजे बाई ऑपरेशन टेबलावर चढल्या तेव्हाच शिल्लक तळाला गेली होती. पोटभर खाण्याच्या काळात जी तूट होती, तीच घेऊन त्या बायपासला सामोऱ्या गेल्या. लठ्ठ माणूस म्हणजे भरपूर पोषण झालेला माणूस, हा समज इथे फार नडतो.

शस्त्रक्रिया होती वन अॅनास्टोमोसिस गॅस्ट्रिक बायपास, बोलीभाषेत मिनी बायपास. जठराची लांब, अरुंद नळी करून ती लहान आतड्याला सुमारे १८० सेंटिमीटर खाली जोडतात. अन्न त्या मधल्या भागातून जातच नाही. लोह आणि कॅल्शियम यांचं शोषण प्रामुख्याने जिथे होतं ते ड्युओडेनम, म्हणजे लहान आतड्याचा पहिला भाग, याच वगळलेल्या भागात येतं. बी-१२ चं गणित वेगळं. अन्नातल्या प्रथिनांपासून ते सुटं करायला आम्ल लागतं, पुढे शोषणासाठी इन्ट्रिन्सिक फॅक्टर हे प्रथिन लागतं, आणि दोन्ही जठराच्या ज्या भागात तयार होतात तो भाग बाजूला पडलेला. पित्त अन्नात उशिरा मिसळतं, म्हणून ए, डी, ई, के ही चरबीत विरघळणारी जीवनसत्त्वंही कमी शोषली जातात. हे शस्त्रक्रियेचं अपयश मानू नये. वजन उतरवणारी जी रचना आहे तीच ही तूटही निर्माण करते, आणि ती तूट आयुष्यभर बाहेरून भरावी लागते.

डिस्चार्जच्या कागदावर सगळं नीट लिहिलेलं होतं : मल्टिव्हिटॅमिन, कॅल्शियम सायट्रेट दिवसातून तीनदा, लोह, डी-३, महिन्याला बी-१२ चं इंजेक्शन. तपासणी ३, ६ आणि १२ महिन्यांनी, मग दरवर्षी. तपासण्यांची यादीही होती आणि तिच्यात पीटीएच (कॅल्शियम सांभाळणाऱ्या पॅराथायरॉईड ग्रंथीचं हार्मोन), फेरिटिन (लोहाच्या साठ्याचं माप), झिंक, कॉपर (तांबं) हे सगळं होतं.

तीन महिन्यांची तपासणी झाली. हिमोग्लोबिन १२.१, बी-१२ ४१०, साखर ताब्यात. मेटफॉर्मिन ५०० मिलिग्रॅमवर आलं. वजन सपाट्याने उतरत होतं. सहाव्या महिन्याची तपासणी राहिली ती राहिलीच, कारण तेव्हा दहावीचे पेपर तपासायला आले होते आणि तब्येत ठणठणीत होती. ४१० हा आकडा इंजेक्शनांमुळे आहे, हे कुणी समजावून सांगितलं नव्हतं. बाईंनी तो ‘आता भरलं’ असा वाचला आणि इंजेक्शनं थांबली.

गोळ्यांची गळती हळूहळू झाली. लोहाने बद्धकोष्ठ झालं, म्हणून लोहाची गोळी सुटली. फलटणच्या दुकानात सायट्रेट मिळेना. दुकानदाराने ‘तेच आहे, कंपनी वेगळी’ म्हणून कार्बोनेट दिलं. कार्बोनेट विरघळायला आम्ल लागतं. इथे जठर नळीएवढं उरलेलं आणि वर रोज सकाळी गॅसची गोळी, पँटोप्रॅझोल. लोह चालू होतं तोवर सकाळच्या चहाबरोबर सगळ्या गोळ्या एकदम घेतल्या जायच्या : लोह आणि कॅल्शियम एकमेकांच्या आड, चहातलं टॅनिन लोहाच्या आड. पुढे कॅल्शियमची गोळी मोठी म्हणून तीही गेली.

चौथ्या महिन्यात केस गळायला लागले. मुठीमुठीने. भराभर वजन उतरलं की तीन ते सहा महिन्यांच्या सुमारास असं होतं आणि बहुतेकांत ते आपोआप थांबतं. पण केस गळायला लागले की बाई माणूस गप्प बसत नाही, बसूही नये. स्टाफरूममधल्या एका मैत्रिणीने गोळी सुचवली. ती मात्र पुढे एक दिवसही चुकली नाही.

फलटणमध्ये काय ठरलं

तेराव्या महिन्यात मुंग्या सुरू झाल्या. आधी बोटांच्या टोकांना, मग पूर्ण तळव्याला. घरच्यांना वाटलं मधुमेहाचं आहे. सासूबाईंचं निदान ‘खातच नाही काही, ताकद कुठून येणार’ असं होतं आणि ते अगदीच चूक नव्हतं. बाईंनी ‘फुल बॉडी चेकअप’चं पॅकेज केलं. मग स्थानिक फिजिशियनकडे गेल्या. त्यांनी पुण्याची यादी पाहून पीटीएच आणि फेरिटिन जोडून घेतलं, हे त्यांचं कौतुक. आलेले आकडे :

हिमोग्लोबिन १०.२, एमसीव्ही ८५, आरडीडब्ल्यू १९.४
बी-१२ ७८० पिकोग्रॅम (नॉर्मल)
डी ७१ नॅनोग्रॅम (नॉर्मल)
पीटीएच ९ (हद्द १५ ते ६५)
टीएसएच (थायरॉईडला कामाला लावणारं हार्मोन) ०.०६, फ्री टी-४ (थायरॉईडचं स्वतःचं हार्मोन) वाढलेलं
फेरिटिन ४
कॅल्शियम ८.६, फॉस्फरस २.६, अल्ब्युमिन ४.०
अल्कलाइन फॉस्फेटेज (हाडं झिजली की वाढणारं एन्झाइम) १७२, वाढलेलं

वजन उतरतंय, धडधड होते, टीएसएच जवळपास शून्य, टी-४ वर. हायपरथायरॉईड, म्हणजे थायरॉईड जास्त, असं निदान झालं आणि ते दाबणारी गोळी, कार्बिमॅझोल, लिहून मिळाली. बी-१२ आणि डी पुरेसं असल्यामुळे त्यांची गरज नाही, असंही सांगितलं गेलं. समोर जो कागद होता त्यावरून हा निष्कर्ष कुणीही काढला असता. गोळी सुरू करण्याआधी एकदा साताऱ्याला दाखवू, असं दिरांचं म्हणणं पडलं म्हणून बाई आमच्याकडे आल्या.

तपासताना

नाडी ८८. पसरलेल्या बोटांना कंप नाही, तळहात थंड आणि पांढुरके, गळ्याशी थायरॉईडची सूज नाही. टी-४ खरोखर वाढलेल्या माणसाचे हात सहसा असे नसतात. त्याचे हात कोमट, ओलसर असतात, थरथरतात.

‘तोंड धुताना पडते की काय असं होतं, डॉक्टर,’ बाई म्हणाल्या. ‘डोळ्यांना साबण लागला की एका हाताने बेसिन धरावं लागतं.’

हे वाक्य ऐकल्यावर निम्मी तपासणी झाल्यासारखीच होती. उभं राहिल्यावर शरीराचा तोल कसा आहे हे मेंदूला तीन वाटांनी कळतं : डोळे, कानातलं तोल सांभाळणारं इंद्रिय आणि तळव्यांकडून मज्जारज्जूच्या मागच्या भागातून वर जाणाऱ्या संवेदना. ही तिसरी वाट बंद पडली की माणूस डोळ्यांवर तोलतो, आणि डोळे मिटले की डळमळतो. पाय जुळवून, डोळे मिटून उभं केलं तेव्हा बाई तीन-चार सेकंदांत बाजूला झुकल्या. १२८ हर्ट्‌झचा ट्यूनिंग फोर्क अंगठ्याच्या हाडावर टेकवला तर ‘गार लागतंय’ एवढंच. कंप घोट्यालाही कळला नाही, गुडघ्याला कळला. घोट्याचे रिफ्लेक्स गायब.

मज्जारज्जूच्या मागच्या भागाचं हे चित्र बी-१२ च्या कमतरतेचं. हुबेहूब असंच कॉपरच्या कमतरतेतही दिसतं, तेही लक्षात ठेवावं लागतं. पण बी-१२ तर ७८०.

कागद वाचताना

आता तो रिपोर्ट ओळीने वाचण्याऐवजी आडवा वाचला. एका आकड्याला दुसरा साक्ष देतो का, हे पाहत.

पहिली विसंगती रक्तपेशींत. एमसीव्ही ८५ म्हणजे पेशीचं सरासरी आकारमान नॉर्मल. पण फेरिटिन ४ असेल तर पेशी लहान व्हायला हव्यात. आरडीडब्ल्यू १९.४ सांगतो की पेशींच्या आकारांत प्रचंड फरक आहे. लोहाच्या कमतरतेने काही पेशी लहान, दुसऱ्या कशाने तरी काही पेशी मोठ्या, आणि दोन्हींची सरासरी मधोमध. स्लाइड काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तर तसंच निघालं : लहान फिकट पेशी, मोठ्या अंडाकृती पेशी आणि पाच-सहा पाकळ्यांच्या केंद्रकाचे न्यूट्रोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी). शेवटची खूण बी-१२ किंवा फोलेटच्या (फोलिक अॅसिडच्या) अभावाची. स्लाइड यंत्रात जात नाही, ती माणूस डोळ्यांनी बघतो, म्हणून तिच्यावर आमचा जरा जास्त विश्वास.

दुसरी विसंगती हाडांच्या बाजूला. पीटीएच खरोखर ९ आणि डी खरोखर ७१ असेल, तर पॅराथायरॉईड ग्रंथी निवांत आहे असं म्हणावं लागेल. मग कॅल्शियम ८.६ वर, खालच्या हद्दीला टेकून का? ग्रंथीच निकामी झाली म्हणावं तर फॉस्फरस वाढलेला दिसला असता, इथे तो खालच्या बाजूला आहे. थायरॉईड जास्त असताना हाडं झिजून अल्कलाइन फॉस्फेटेज वाढतं आणि पीटीएच दबतं हे खरं, पण तेव्हा कॅल्शियम वर सरकतं. तो नियमही इथे मोडतो. उलट डी कमी आहे, पीटीएच वाढलेलं आहे आणि ते हाडांतून कॅल्शियम खेचून रक्तातली पातळी कशीबशी टिकवतंय, असं धरलं तर कॅल्शियम, फॉस्फरस आणि फॉस्फेटेज हे तिन्ही आकडे जागेवर बसतात.

म्हणजे कॅल्शियम, फॉस्फरस, फॉस्फेटेज, रक्तपेशी या साध्या, स्वस्त तपासण्या एक गोष्ट सांगत होत्या आणि बी-१२, डी, पीटीएच, टीएसएच, टी-४ या महागड्या तपासण्या दुसरी. दुसऱ्या गटाचं साम्य एवढंच की त्या सगळ्या इम्युनोअॅसे पद्धतीने, म्हणजे अँटिबॉडी वापरून, एकाच यंत्रावर होतात.

तेव्हा विचारलं, ‘सकाळी उठल्यापासून काय काय तोंडात टाकता ते सगळं सांगा. औषध नसलं तरी.’

पर्समधून पाकीट निघालं. बायोटिन, १० मिलिग्रॅम. ‘ही केसांची हो. हिचं काय सांगायचं?’ रक्त दिलं त्या सकाळीही घेतली होती, कारण उपाशीपोटी जायचं ते जेवणापुरतं, असं त्यांना वाटलं.

बायोटिनने काय होतं

प्रौढ माणसाची बायोटिनची रोजची पुरेशी मात्रा धरतात ३० मायक्रोग्रॅम. त्या गोळीत त्याच्या तीनशे पटींहून जास्त होतं. शरीराला त्याचा त्रास नाही, लघवीवाटे निघून जातं. त्रास होतो तपासणीला. बऱ्याच इम्युनोअॅसेंमध्ये मोजायचा रेणू पकडण्यासाठी बायोटिन आणि स्ट्रेप्टॅव्हिडिन नावाचं प्रथिन यांची जोडी वापरतात, कारण ते एकमेकांना घट्ट धरतात. रक्तातच बायोटिनचा पूर असला की संगीत खुर्चीत बाहेरचीच पोरं येऊन बसावीत तसं होतं : स्ट्रेप्टॅव्हिडिनच्या जागा भरतात आणि तपासणीचा संकेत क्षीण येतो.

आता मेख अशी की क्षीण संकेताचा अर्थ तपासणीगणिक उलटा होतो. टीएसएच, पीटीएच, फेरिटिन यांसारख्या मोठ्या रेणूंच्या ‘सँडविच’ चाचण्यांत संकेत कमी म्हणजे पातळी कमी. टी-४, बी-१२, डी, फोलेट या लहान रेणूंच्या स्पर्धात्मक चाचण्यांत संकेत कमी म्हणजे पातळी जास्त. बाईंच्या कागदावर टीएसएच, पीटीएच खाली आणि टी-४, बी-१२, डी वर का होतं, याचा उलगडा एका वाक्यात झाला. ग्रेव्ह्‌ज या थायरॉईड वाढवणाऱ्या आजाराची अँटिबॉडी तपासली असती तर तीही काही यंत्रांवर खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते आणि मग चुकीचं निदान अधिकच पक्कं झालं असतं.

हा धोका नवा नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नोव्हेंबर २०१७ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता. त्यात हार्ट अॅटॅक ओळखण्याची ट्रोपोनिन ही तपासणी खोटी कमी आल्यामुळे झालेल्या एका मृत्यूचाही उल्लेख होता. त्यानंतर अनेक कंपन्यांनी चाचण्या सुधारल्या. सगळ्याच यंत्रांना हा दोष नाही, पण आपलं रक्त कुठल्या यंत्रावर आणि कुठल्या पिढीच्या किटवर गेलं हे रुग्णाला कळायला मार्ग नसतो. म्हणून गोळी थांबवून तपासणी करणं सोपं. इतक्या मात्रेला निदान दोन दिवस, जमल्यास तीन. मूत्रपिंडाचा आजार असेल तर आणखी जास्त.

तीन दिवस

शुक्रवार होता. बायोटिन बंद केलं, सोमवारी सकाळी पुन्हा रक्त घ्यायचं ठरलं. कार्बिमॅझोल सुरू करायचं नाही, हेही. बी-१२ चं इंजेक्शन त्याच दिवशी टोचण्याचा मोह होत होता, पण एक इंजेक्शन गेलं की पुढचे कित्येक दिवस रक्तातला बी-१२ चा आकडा निरर्थक होतो. महिनाभर चाललेल्या त्रासात तीन दिवसांनी फरक पडणार नव्हता.

थायमिनचं, म्हणजे बी-१ जीवनसत्त्वाचं, मात्र वेगळं. त्यासाठी कधीच थांबायचं नसतं. बी-१२ चा साठा यकृतात वर्षानुवर्षं पुरतो, थायमिनचा दोन-तीन आठवड्यांत संपतो. शस्त्रक्रियेनंतर सारख्या उलट्या होत असतील, खाणं जात नसेल, तर दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातच माणूस वर्निकी एन्सेफॅलोपथीत जाऊ शकतो : डोळ्यांची हालचाल बिघडते, चाल झोकांड्या खाते, बोलणं असंबद्ध होतं. थायमिनचा रिपोर्ट मोठ्या शहरातल्या लॅबमधून यायला बरेच दिवस जातात, मेंदू तितकं थांबत नाही. आणि एक गोष्ट तालुक्याच्या दवाखान्यात हमखास घडते. उलट्या होतायत म्हणून आधी ग्लुकोजची बाटली लावतात. थायमिन नसताना ग्लुकोज दिलं की उरलंसुरलं थायमिनही खर्च होतं. आधी थायमिन, मग ग्लुकोज, हा क्रम शस्त्रक्रिया झालेल्या प्रत्येकाच्या घरच्यांनी पाठ करून ठेवावा. बाईंना उलट्या नव्हत्या, पण मुंग्या होत्या. १०० मिलिग्रॅम रोज, त्याच दिवशी सुरू केलं.

सोमवारी कॉपर आणि झिंकसाठी वेगळ्या, गडद निळ्या झाकणाच्या नळीत रक्त घेतलं. साध्या नळीत काचेतून, बुचातून आलेले धातूंचे अंश मिसळून आकडा फसवतो.

आलेले आकडे असे. बी-१२ १४८. होमोसिस्टीन, जे बी-१२ कमी पडलं की रक्तात साठतं, ३४; १५ पर्यंत नॉर्मल धरतात. फोलेट नॉर्मल. डी १६. पीटीएच १२१. टीएसएच २.७, टी-४ जागेवर. फेरिटिन ८, म्हणजे आधीचा ४ हा आकडा खोटा असला तरी लोहाची कमतरता खरीच. कॉपर हद्दीत, झिंक जरा खाली.

थायरॉईडचा आजार नव्हताच.

उपचार

बी-१२, १००० मायक्रोग्रॅम, एक दिवसाआड स्नायूत, दोन आठवडे. मग आठवड्याला एक, मग महिन्याला एक, कायमचं. मज्जासंस्थेवर परिणाम झालेला असताना नुसत्या गोळ्यांवर भिस्त ठेवत नाहीत. पहिल्या आठवड्यात पोटॅशियम तपासलं. अस्थिमज्जा अचानक जोमाने पेशी बनवू लागली की रक्तातलं पोटॅशियम घसरू शकतं. फोलिक अॅसिड मुद्दाम मागे ठेवलं. बी-१२ न देता फोलिक दिलं तर हिमोग्लोबिन सुधारतं, सगळे खूश होतात आणि मज्जारज्जूची हानी चालूच राहते.

हे ऐकून बाईंना हसू आलं. लोह-फोलिकच्या निळ्या गोळ्या दर सोमवारी वर्गात वाटायचं आणि रजिस्टरवर नोंद ठेवायचं काम त्यांच्याकडेच आहे. पोरींच्या पाळीबद्दल, थकव्याबद्दल त्या सांगत असतात. स्वतःची पाळी वजन उतरल्यावर नियमित झाली, म्हणजे वर्षाला चार-पाचऐवजी बारा-तेरा वेळा रक्त जाऊ लागलं, हा हिशेब मात्र त्यांनी मांडला नव्हता. पीसीओएस असलेल्या बायकांत शस्त्रक्रियेनंतर लोह इतकं झपाट्याने का उतरतं, याचं हे एक साधं कारण आहे आणि फारसं कुणी विचारत नाही.

लोह शिरेतून दिलं. तोंडाने घेतलेलं जिथे मुख्यतः शोषायचं तो रस्ता बंद आहे. हल्ली एकाच बैठकीत संपणारं फेरिक कार्बॉक्सिमाल्टोज सगळीकडे मिळतं आणि रुग्णाच्याही सोयीचं असतं. पण ते रक्तातला फॉस्फरस खाली आणतं. डी १६ आणि पीटीएच १२१ असलेल्या बाईला ते देणं म्हणजे आधीच खाली असलेल्या फॉस्फरसवर आणखी घाव. म्हणून आयर्न सुक्रोज, २०० मिलिग्रॅमच्या पाच बैठका. फलटणहून पाच खेपा झाल्या, त्यावरून घरी थोडी कुरकुरही झाली.

डी-३ आठवड्याला ६०,००० युनिट, बारा आठवडे, पुढे पातळी ३० च्या वर राहील अशी मात्रा. कॅल्शियम पुन्हा सायट्रेट, ५०० मिलिग्रॅम तीनदा. दुकानदाराला दाखवायला चिठ्ठीवर ‘सायट्रेटच’ असं अधोरेखित करून दिलं. लोहाची गोळी पुढे सुरू झाली तेव्हा ती रात्री, कॅल्शियमपासून निदान दोन तास दूर, चहाशिवाय.

गॅसच्या गोळीबद्दल पुण्याच्या सर्जनशी बोलणं झालं. बायपासनंतर जोडाच्या जागी अल्सर होऊ नये म्हणून ती सुरुवातीचे काही महिने देतात आणि ते योग्यच आहे. इथे ती सवयीने चालू राहिली होती. बाई दुखण्याच्या गोळ्या घेत नाहीत, मिश्री लावत नाहीत, शौचाचा रंग काळा नाही, हे विचारून मग ती हळूहळू बंद केली. मिश्रीचा प्रश्न आमच्या भागात विचारावाच लागतो. तंबाखू ओढत नाही म्हणणारी बाई मिश्री लावत असते आणि तिला ती तंबाखू वाटत नाही.

माळेबद्दल आम्ही काही बोललो नाही. अंडी खा म्हणायची गरजच नाही, इंजेक्शन आहे. प्रथिनांचा प्रश्न मात्र होता. दिवसाला ६० ग्रॅम गाठायचे म्हणजे दूध, दही, पनीर, मूग, सोयाबीन यांची रोजची जुळणी करावी लागते. एकादशीला साबुदाण्यावर दिवस काढला तर प्रथिनं जवळपास शून्य. त्या दिवशी दूध, दही आणि शेंगदाणे, असा तह झाला.

पुढे

तीन आठवड्यांत थकवा उतरला. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन १२.४, होमोसिस्टीन १३, पीटीएच ७२, डी ३४. डोळे मिटून अर्ध्या मिनिटाहून जास्त उभ्या राहतात. ट्यूनिंग फोर्कचा कंप उजव्या घोट्याला कळू लागला. सहा महिन्यांनी मुंग्या फक्त डाव्या अंगठ्यापुरत्या उरल्या आणि त्या तिथेच राहतील असं दिसतं. बी-१२ अभावी झालेली मज्जासंस्थेची हानी जितकी जुनी तितकी कमी भरून येते. केस बायोटिन थांबल्यावरही पूर्ववत आले. लोहामुळे आले की वेळ झाली म्हणून आले, हे सांगता येणार नाही.

पॅकेजबद्दल दोन शब्द सांगायलाच हवेत. सत्तर-ऐंशी तपासण्या असं छापलेलं असतं. त्यातल्या वीस-बावीस एका सीबीसीमधल्या ओळी असतात, सात-आठ लिपिडच्या, त्यात गुणोत्तरंही वेगळी मोजलेली. बायपास झालेल्या माणसाला ज्या हव्यात त्या पीटीएच, फेरिटिनसोबत ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन, कॉपर, झिंक, व्हिटॅमिन ए यांतलं बहुतेक काही त्यात नसतं. तेवढ्याच पैशांत सर्जनच्या यादीप्रमाणे निवडून केलेली तपासणी केव्हाही परवडते. फेरिटिन एकटं पाहूनही भागत नाही, अंगात कुठे सूज किंवा संसर्ग असेल तर ते खोटं वाढतं. सीरम बी-१२ २०० ते ४०० च्या मध्ये असेल आणि तक्रार असेल तर होमोसिस्टीन किंवा मिथाइलमॅलोनिक अॅसिड करावं. आणि इंजेक्शनं चालू असलेल्याचा बी-१२ चा आकडा ‘इंजेक्शन चालू’ असं शेजारी लिहूनच वाचावा.

आमच्या रक्त घेण्याच्या अर्जावर आता एक ओळ वाढवली आहे : केस, नखं, त्वचा यांसाठी कुठली गोळी, पावडर किंवा गमी घेता का, शेवटची कधी घेतली? ‘बायोटिन घेता का’ असं विचारलं तर सगळे नाही म्हणतात.

बाईंच्या यजमानांचा प्रश्न खर्चाचा होता. ‘वजन उतरलं, साखर गेली. मग हे इंजेक्शन आणखी किती दिवस?’ ऑपरेशनच्या आधी हाच प्रश्न विचारून उत्तर मिळालेलं असणार, पण तेव्हा ते ऐकायच्या मनःस्थितीत कुणी नसतं. जन्मभर, असं पुन्हा सांगितलं. महिन्याचं इंजेक्शन आता शाळेशेजारच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या सिस्टर देतात, पगाराच्या दिवशी, म्हणजे विसरत नाही.

पुढची तपासणी दिवाळीच्या सुट्टीत. पीटीएच ७२ वरून खाली आलं का हे त्यात पाहायचं आहे. आलं नसेल तर कॅल्शियम सायट्रेट वाढवावं लागेल आणि हाडांची घनता मोजण्यासाठी डेक्सा स्कॅन करून घ्यावा लागेल. झिंकची गोळी सुरू आहे म्हणून कॉपरही पुन्हा : झिंक जास्त दिवस चाललं की ते कॉपरचं शोषण अडवतं, आणि कॉपरच्या कमतरतेने पाय नेमके असेच बधिर होतात.